नव्या नळीची काडतुसं

सोमवारी सकाळी तळघरात काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली ओढला आणि तो जड लागला. फार नाही, थोडासाच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण मी तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढलीत. केसभर इकडे-तिकडे झालं तरी माझ्या बोटांना आधी कळतं, मायक्रोमीटरला नंतर. मी दांडा सोडला, पितळी पुंगळी बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा आत घातली. पुन्हा तेच.

"काय गं बाई, झालंय काय तुला?" मी तिला विचारलं. तळघरात मी पुंगळ्यांशी बोलते. घरात एकटी असल्यावर कुणाशी तरी बोलायला हवंच ना.

आणि या पुंगळ्या साध्यासुध्या नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी माझा धाकटा भाऊ डेल्मर यानं याच पुंगळ्यांमधून पाच गोळ्या शंभर यार्डांवरच्या कागदावर एकाच भोकातून घातल्या होत्या. आमच्या हॅकर गॅप रायफल क्लबचा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला होता. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

आमच्या डोंगरांत हा खेळ पुष्कळ जण खेळतात. काँक्रीटचा बाक, त्यावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर बंदूक. पाच गोळ्या मारायच्या आणि त्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या ते मोजायचं. बघणाऱ्याला वाटतं, यात कसलं आलंय कौशल्य! बंदूक तर पिशवीवर ठेवलीय. अहो, म्हणूनच तर सगळं काडतुसावर येतं. दुकानातली काडतुसं इथे कुणी हातात धरत नाही. एकदा उडालेली पुंगळी घ्यायची, प्रेसमध्ये आवळून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी बसवायची. बारीक गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर पळते. जितकी जोरात जाईल तितका वारा तिला कमी ढकलतो, म्हणून डेल्मरला कायम जोर हवा असायचा. मी म्हणायची, जोर राहू दे तिकडे, आधी पाचही गोळ्या एकसारख्या जाऊ देत. पाचही जणी एकाच वेगानं निघाल्या तरच एका भोकातून जातात. या एकाच गोष्टीवरून आम्ही अकरा वर्षं भांडलो आणि अकरा वर्षं जिंकलो.

तो मारायचा, मी भरायची. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात डेल्मर त्याचा जुना प्रेस उचलून माझ्या तळघरात घेऊन आला. म्हणाला, "लिओटा, माझी बोटं जाडी, तुझी बारीक. बसून राहू नकोस, हे कर." तेव्हा मी दिवसभर खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायची. त्या प्रेसनं मला उठवलं, हे मी आजही नाकारणार नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्यात दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत कुणी घालत नाही. सख्ख्या बापानं भरलेलं असलं तरी नाही. गालापासून चार बोटांवर स्फोट होत असतो, तो कुणाच्या हातचा आहे हे माहीत असावं लागतं. डेल्मर माझी काडतुसं डोळे झाकून घालायचा. मला याचा इतका अभिमान होता की विचारू नका.

कंबरेचं हाड बदललं तेव्हापासून मला बाकड्यावर दिवसभर बसवत नाही, त्यामुळे दोनेक वर्षं मी सामन्यांना गेलेच नव्हते. डेल्मर बारा मैलांवर राहतो. शुक्रवारी येऊन भरलेला डबा घेऊन जायचा, सोमवारी रिकाम्या पुंगळ्या परत आणायचा, फळं भरून भाजलेला माझ्या हातचा पाय खायचा आणि सामन्याची गोष्ट सांगायचा. माझा आठवडा या दोन दिवसांवर टांगलेला होता.

विक्रमाच्या दुसऱ्या दिवशी क्लबचा अध्यक्ष एमरी याचा फोन आला होता. आमच्या क्लबाच्या भिंतीवर विक्रमांचा फळा आहे. त्यावर प्रत्येक विक्रमाची पितळी पट्टी असते आणि पट्टीवर दोन नावं. एक मारणाऱ्याचं, एक भरणाऱ्याचं. पूर्वी पुष्कळ म्हाताऱ्यांची काडतुसं त्यांच्या बायका भरायच्या, तेव्हापासूनची ही पद्धत. "डेल्मर हॉस्टेटर आणि लिओटा श्रॉयर," एमरी फोनवर म्हणाला. "स्पेलिंग बरोबर सांग, कोरायला देतोय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी लावू. यायलाच हवं बरं का!" आयुष्यात माझं नाव दोनदा छापून आलंय. एकदा लग्नाच्या बातमीत, एकदा नवऱ्याच्या मृत्यूच्या. दोन्ही वेळा ते नवऱ्याच्या नावामागे होतं. मी एमरीला स्पेलिंग दोनदा सांगितलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले.

तर सोमवारी ती पुंगळी अडली.

याच वसंतात डेल्मरनं बंदुकीला नवी नळी बसवली होती. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायचं घर असतं. नव्या नळीचं घर जुन्यापेक्षा जरा तंग कापून घेतलेलं. त्यासाठी मी शंभर कोऱ्या पुंगळ्या निवडून तासल्या, प्रेसमधला साचाही नवा करून घेतला. आता, काडतूस उडालं की पितळ फुगतं आणि त्या घराचं माप घेऊन बाहेर येतं. नव्या घरात उडालेली पुंगळी नव्या साच्यात अलगद जायला हवी. जड जाते, म्हणजे ती जास्त फुगलेली आहे. जास्त फुगली, म्हणजे घर मोठं होतं.

मी मायक्रोमीटर काढला. मग दुसरा काढला, कारण पहिल्यावर विश्वास बसेना. मग शेवटी नळीचा तुकडा आणला. बंदूक दुरुस्त करणारा माणूस नळी बसवताना उरलेल्या टोकात त्याच हत्यारानं तसंच घर कापून देतो, बोटभर लांबीचा तुकडा, मापं तपासायला. नव्या नळीत उडालेली पुंगळी या तुकड्यात बोटानं ढकलली की आत जायला हवी. ही गेली नाही. दुसरी गेली नाही. पन्नासच्या पन्नास पुंगळ्या मी घालून पाहिल्या. पन्नासही बाहेरच राहिल्या.

मी स्टुलावर बसले. माझी काडतुसं नव्या नळीत उडालीच नव्हती. ती जुन्या नळीत उडाली होती. आणि विक्रम तर नव्या नळीवर झाला होता, हे अख्ख्या क्लबानं पाहिलं होतं.

पहिल्यांदा मी डेल्मरचीच बाजू घेतली. म्हटलं, डबे बदलले असतील. जुन्या पुंगळ्या असतील. पण प्रत्येकीच्या बुडावर मी माझ्या हातानं बारीक रेघ ओढलेली, त्या नव्याच होत्या. म्हटलं, सरावाला जुनी नळी लावली असेल. मग सामन्यातल्या पुंगळ्या कुठे? आणि सामन्याच्या पाच फेऱ्यांतल्या त्या पंचवीस गोळ्या, ज्यांतल्या पाच एका भोकातून गेल्या, त्या कुणाच्या?

फोन उचलून सरळ विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण कारखान्यात आम्हाला एक शिकवलं होतं. मालात खोट दिसली तर ओरडायचं नाही, आधी दुसरा नमुना घ्यायचा. मी दुसरा नमुना घ्यायचं ठरवलं.

त्या आठवड्यात मी पन्नास काडतुसं भरली. टोपी, दारू, गोळी, सगळं नेहमीसारखं, डोळ्यांत तेल घालून. फक्त पुंगळीचं अंग आवळलं नाही. गोळी धरून राहील इतकी मान तेवढी आवळली, अंग तसंच फुगीर ठेवलं. जुन्या नळीत ही काडतुसं बिनतक्रार बसली असती. नव्या नळीत मात्र काडतूस आत ढकलून बंद करणारा बंदुकीचा बोल्टच बंद झाला नसता. दोन्ही हातांनी जोर लावला तरी नाही.

शुक्रवारी डेल्मर आला. दारातूनच ओरडला, "कुठंय माझा विक्रम मोडणारा डबा?"

"तुझा कसला, माझा," मी म्हटलं.

"बरं बाई, तुझा. पुढच्या शनिवारनंतर तू कुणाला ऐकणारेस का? फळ्यावर नाव लागलं की डोक्यावर बसशील सगळ्यांच्या."

मी डबा त्याच्या हातात दिला. त्यानं झाकण उघडूनही पाहिलं नाही. पूर्वी तो एक काडतूस काढून उजेडात धरायचा आणि शीळ घालायचा. हे त्यानं कधी बंद केलं, ते मला आठवेना.

रविवारचा सामना झाला. सोमवारी तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि मी त्याच्यासमोर स्ट्रॉबेरी आणि आंबट रुबार्बचा पाय ठेवला.

"कसं झालं?"

"दुसरा आलो. वाऱ्यानं खाल्लं मला तिसऱ्या फेरीत. पण काडतुसं! लिओटा, काय सांगू तुला. कमाल."

"बोल्ट कसा चालला?"

"बोल्ट?"

"नवी पुंगळी आहे ना, म्हणून विचारते. जड तर नाही गेला बंद करताना?"

"छे! लोण्यासारखा." त्यानं काटा हवेत फिरवून दाखवला. "तुझी काडतुसं आणि जड जातील? वॉरनसुद्धा म्हणाला, डेल्मर, तुझा बोल्ट बघ कसा बंद होतो, आवाजही नाही."

वॉरन केप्नर. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, पन्नाशीतला, शांत माणूस. तीन हिवाळ्यांपूर्वी दर मंगळवारी माझ्या तळघरात येऊन माझ्याकडून भरायला शिकला होता. येताना हरणाच्या मांसाचं बोलोनी सॉसेज आणायचा. वर्षभरानं यायचा बंद झाला. म्हणाला, बायकोला बरं नसतं. डेल्मरच्या तोंडून त्याचं नाव निघालं, ते मी मनात नोंदवून ठेवलं. खोटं बोलताना माणूस जवळ पडलेली वस्तूच उचलतो.

"अजून एक तुकडा देऊ?" मी विचारलं.

"दे की."

मी दिला. स्वतःच्या हातानं कापून दिला. त्यानं खाल्ला, बशी धुऊन ठेवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. पन्नास रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ठेवून गेला. आता बोला! जी काडतुसं त्या बंदुकीत शिरूच शकत नव्हती, ती लोण्यासारखी गेली म्हणे.

त्या आठवड्यात मी खूप रडले आणि त्याहून जास्त चिडले. आरशासमोर उभी राहून डोळे तपासले. वर्तमानपत्र हात लांब करून वाचलं, जवळ धरून वाचलं. तराजूवर तेच एक वजन वीस वेळा टाकून पाहिलं, वीसही वेळा तेच आलं. हाताला कंप नाही. मग झालं काय? माझ्या सख्ख्या भावानं केसानं गळा कापावा, असं मी केलं तरी काय होतं? पट्टीवर माझं नाव येणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि त्यातलं काहीच माझं नसणार. हे त्याला माहीत होतं, तरी तो माझ्या हातचा पाय खात होता.

शनिवारी मी निळा कोट घातला आणि स्वतः गाडी चालवत क्लबात गेले. डेल्मर न्यायला येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं.

छपराखाली पन्नासेक माणसं होती. एमरीची बायको आर्लीन मोठ्या पातेल्यातून कोंबडीचं आणि मक्याचं सूप वाढत होती. मला बघून सगळे उठले. कुणी खुर्ची दिली, कुणी गादी आणून दिली. "लिओटा, किती दिवसांनी!" "लिओटा, तू तर ओळखू येत नाहीस!" जो तो माझ्याशी इतका गोड वागत होता की मला आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. वॉरन पार लांबच्या टेबलाशी पाठ करून बसला होता.

मग एमरी खुर्चीवर चढला, फळ्यावरचं कापड ओढलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पट्टीचा शेवटचा स्क्रू सगळ्यांसमोर पिळला. तीही आमची पद्धतच. टाळ्या झाल्या. डेल्मरनं टोपी काढून हवेत हलवली.

"लिओटा, दोन शब्द बोल!" एमरी म्हणाला.

मी उभी राहिले. कंबर दुखत होती, पण आवाज नीट निघाला. "एमरी, ही पट्टी चुकीची आहे. त्या दिवशीची काडतुसं मी भरलेली नव्हती. पुंगळ्या तपासल्या आहेत मी. कुणी भरली होती ते मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा."

मला वाटलं होतं, एकच गलका होईल. कुणी म्हणेल, काय बोलतेस! कुणी डेल्मरकडे बोट करेल. विक्रमात गडबड म्हणजे आमच्यात केवढी मोठी गोष्ट. पण कुणीच काही बोललं नाही. मी एकेक चेहरा पाहत गेले. एकालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. आर्लीन सूप ढवळत राहिली, पातेल्यातून डोळे वर काढेना. एमरी खुर्चीवरून उतरला आणि बुटांकडे बघायला लागला.

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नास माणसांना. फोनवर माझ्या नावाचं स्पेलिंग विचारणाऱ्या एमरीलाही. मी त्यांना नाताळला जिंजरब्रेड पाठवत होते आणि ते माझी कीव करत होते.

वॉरन उठला. टोपी छातीशी धरून जवळ आला. "मी भरली, लिओटा. दोन वर्षं मीच भरतोय." "पण तुमच्याच पद्धतीनं भरतो हो. तुम्ही शिकवली तशीच, एकूण एक पायरी. त्यामुळे नाव तुमचंच हवं, असं मीच म्हटलं सगळ्यांना."

"तू म्हटलंस?" मी म्हणाले. "माझं नाव मला द्यायला तू कोण रे? देणगी वाटतोस?"

एमरीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर मी काढून घेतला. हात वर केला की पट्टीपर्यंत पोचत होता, चार स्क्रू होते. पन्नास माणसं बघत होती आणि कुणी जागचं हललं नाही. सगळे स्क्रू निघेपर्यंत माझा हात एकदाही घसरला नाही, हे त्यांनी पाहावं असं मला फार वाटत होतं. पट्टी काढून मी वॉरनच्या हातात दिली. "मागची बाजू कोरी आहे," मी म्हटलं. "तिच्यावर तुझं नाव कोरून घे. पितळ चांगलं आहे."

मी गाडीपर्यंत पोचले तेव्हा मागून खडीवर पावलं वाजली. डेल्मर धापा टाकत आला आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिला.

"लिओटा, ऐक तरी. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात, राज्याच्या सामन्यात, शेवटच्या फेरीत तुझ्या एका काडतुसात दारूच नव्हती. नुसती टोपी वाजली आणि गोळी नळीत अडकली. मी आणि वॉरननं काठीनं ठोकून बाहेर काढली. मला कळलं नसतं, मी वरून दुसरी मारली असती तर? नळी फुटली असती माझ्या तोंडावर."

दारू विसरणं म्हणजे आमच्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. तो सामना मला आठवत होता. त्यानं घरी येऊन सांगितलं होतं की वारा फिरला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. गोळ्या खात होतीस दुखण्याच्या. वाटलं, हे काढून घेतलं तर ही पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. म्हणून वॉरनला विचारलं. मग एक आठवडा, दोन आठवडे, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

खरं बोलत होता. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. चूक माझीच होती, हेही मी तिथल्या तिथे मान्य केलं. दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं जड असायचं त्या दिवसांत. अकरा वर्षांत एक काडतूस. पण एकही फार असतं, मला कुणी शिकवायला नको.

"आणि माझी काडतुसं?" मी विचारलं. "दर आठवड्याला पन्नास न्यायचास ती?"

"उडवायचो. रिकाम्या पुंगळ्या परत द्यायला हव्यात ना तुला, नाहीतर कळलं असतं. आधी त्याच नळीतून उडवायचो. ही नवी आली तेव्हा मात्र…" तो थांबला.

"बोल."

"नवी नळी हजार-बाराशे गोळ्यांत झिजते गं. तुला माहीतच आहे. म्हणून जुनी नळी जुन्या बंदुकीवर चढवली आणि तुझी तिच्यातून."

म्हणजे पकडला गेला तोही कंजूषपणामुळे. नवी नळी माझ्यावर खर्च करायची नव्हती त्याला. मला हसू आलं, खरंच आलं. "कुठे उडवायचास?"

"कोठारामागे. मातीच्या बांधावर."

"कशी लागायची?"

"काय?"

"माझी काडतुसं, डेल्मर. दोन उन्हाळे. दोन हजारांच्या वर भरली असतील. जवळजवळ लागायची का लांबलांब? एका भोकात जायची का नाही?"

तो दारावरच्या स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. "मी… बांधावर मारायचो. पटापट. संपवायची असायची ना."

"कागद नव्हता लावत?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं."

माझ्या डोळ्यांसमोर तो बांध आला. दोन हजार काडतुसं. प्रत्येक पुंगळी मी हातात फिरवून पाहिलेली, दारूचा कण कण तोललेला, गोळी बसवताना श्वास धरलेला. हिवाळ्यात तळघरात हातमोज्यांची बोटं कापून बसायची मी. आणि तो माणूस पुढे एक कागद न लावता ती मातीत रिकामी करत होता. दारू विसरणं ही माझी चूक, मी पदरात घेतली. पण त्यानंतर माझा हात सुधारला की बिघडला, हे सांगणारं जगात काहीच उरलं नव्हतं.

"तीस वर्षं मी माल तपासला, डेल्मर," मी म्हटलं, आणि आता मात्र माझा आवाज फुटला. "स्वतःच्या हातचा मालसुद्धा नापास केलाय मी. तू एक कागद लावून आणला असतास, माझ्यासमोर टाकला असतास, त्यावर भोकं विखुरलेली असती, तर मीच प्रेस बंद केला असता. त्याच दिवशी. आणि चांगली लागली असती, तर तू मला ती दोन वर्षं परत दिली असतीस. एक कागद रे! घरात गठ्ठे पडलेत तुझ्या. एक लावायला काय जात होतं तुझं?"

छपराखालून लोक आमच्याकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. डेल्मरचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता तरी काही सांगेल. भीती वाटली म्हणेल, लाज वाटली म्हणेल, काहीही चाललं असतं मला.

"खरं सांगू, लिओटा?" तो म्हणाला. "माझ्या लक्षातच नाही आलं."

मी त्याचा हात दारावरून बाजूला केला, आत बसले आणि गाडी चालू केली.